भरल्या हाडांची गाय का बसली? व्याल्यानंतरच्या कॅल्शियम-न्यूनतेचा एक प्रकरण अभ्यास

सांगली जिल्ह्यातील पलूस तालुक्यात, कृष्णाकाठच्या एका गावात, ऐन थंडीच्या दिवसांत चौथ्या वेताची एक जर्सी संकरित गाय व्याल्यानंतर साधारण चोवीस तासांनी गोठ्यात बसली आणि तिला उठता येईना. ग्रामीण भागात काम करणाऱ्या पशुवैद्यकांना हे दृश्य ओळखीचे आहे. निदानाला आणि उपचाराला त्यांना फार वेळ लागत नाही. प्राणिशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी मात्र हेच प्रकरण मोलाचे आहे. पेशीपटलाचा विभव (पटलाच्या आतबाहेरील विद्युत दाबातला फरक), चेतास्नायू संधी (चेतातंतू स्नायूला आज्ञा देतो ती जागा), तीन प्रकारच्या स्नायूंचे आकुंचन, संप्रेरकांचे नियमन आणि जनुकांच्या अभिव्यक्तीला लागणारा वेळ हे विषय अभ्यासक्रमात वेगवेगळ्या घटकांत विखुरलेले असतात. इथे ते एकाच प्राण्यात, एकाच रात्री एकत्र आलेले दिसतात. पुढील नोंदी उपचार करणाऱ्या पशुवैद्यकांच्या नोंदवहीतून, गाईच्या मालकांच्या संमतीने घेतल्या आहेत.

या प्रकरणात एक विसंगती आहे आणि तिच्यासाठीच ते निवडले आहे. गाय कुपोषित नव्हती. घरच्यांनी तिची उत्तम निगा राखली होती. भाकड काळाच्या दोन महिन्यांत तिला रोज हिरवा लसूणघास मिळत होता आणि शेवटच्या महिन्यात तर दुकानातून आणलेले कॅल्शियमचे टॉनिकही रोज पाजले जात होते. एवढे कॅल्शियम पोटात गेलेली गाय कॅल्शियमच्या कमतरतेने बसावी, हे घरच्यांना पटत नव्हते आणि त्यांची शंका रास्त होती. या गाईच्या शरीरात कॅल्शियमचा तुटवडा नव्हता. साठ्यातून रक्तात कॅल्शियम आणणाऱ्या पेशींचा वेग गरजेच्या तुलनेत कमी पडला, आणि तो कमी पडण्यामागे भाकड काळातील मुबलक कॅल्शियमचाच मोठा वाटा होता, असे मला या नोंदींवरून दाखवायचे आहे.

गोठ्यातील नोंदी

गाय मंगळवारी सायंकाळी व्याली. कालवड झाली, वार वेळेवर पडली, अडचण काहीच आली नाही. त्या रात्री सहा लिटर आणि बुधवारी सकाळी चार लिटर असा चीक काढला गेला. वासराला हवा तेवढा पाजून उरलेला चीक रिवाजाप्रमाणे गल्लीतल्या घरोघरी खरवसासाठी वाटला. कास पूर्ण मोकळी केली होती, ही बाब पुढच्या हिशेबासाठी लक्षात ठेवावी.

बुधवारी दुपारी घरातील ज्येष्ठ बाईंच्या लक्षात आले की गाय अस्वस्थ आहे. रात्री पशुवैद्यक आल्यावर त्यांनी सांगितलेले शब्द नोंदवहीत जसेच्या तसे आहेत: “दुपारपास्नं नुसती दात खातीया डॉक्टर, माशी बसली तरी दचकतीया. आन् आता बगा, उठंनाच झालीया.” या दोन वाक्यांत आजाराचे दोन टप्पे क्रमाने आलेले आहेत. आधी उत्तेजना, मग शिथिलता. हा क्रम का असावा, याचे उत्तर पेशीपटलात आणि संधीत शोधावे लागते, आणि बाईंनी दुपारची लक्षणे ध्यानात ठेवली नसती तर या अभ्यासाचा निम्मा भाग हाती लागलाच नसता.

पशुवैद्यक रात्री नऊच्या सुमारास पोहोचले तेव्हा गाय छातीवर बसलेली होती आणि मान वळवून तोंड कुशीत घातलेले होते. मान सरळ केली तरी ती पुन्हा कुशीकडे जात होती. नाकावर घाम नव्हता, कान आणि पाय गार लागत होते. गुदद्वाराचे तापमान ९८.६ अंश फॅरनहाइट होते. निरोगी गाईत ते १०१.५ च्या आसपास असते. हृदयाचे ठोके मिनिटाला ९६ होते, मात्र स्टेथोस्कोपमधून ते दबलेले, लांबून आल्यासारखे ऐकू येत होते. डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारलेल्या होत्या आणि टॉर्चच्या उजेडाला त्या अगदी मंद प्रतिसाद देत होत्या. डाव्या कुशीवर कान लावला असता रुमेनची (पोटाच्या सर्वांत मोठ्या कप्प्याची) हालचाल ऐकू आली नाही, आणि सकाळपासून शेणही पडलेले नव्हते. कासेला सूज नव्हती, चारही सडांतील चीक स्वच्छ होता, त्यामुळे कासदाहाचा संशय फिटला. सहज प्रसूती आणि मागच्या पायांत शाबूत असलेली संवेदना यांमुळे चेता दुखावल्याची शक्यताही मागे पडली.

उपचारापूर्वी घेतलेल्या रक्ताचा अहवाल दुसऱ्या दिवशी सांगलीहून आला. एकूण कॅल्शियम डेसिलिटरला ४.६ मिलिग्रॅम होते. निरोगी गाईत ते साधारण ८.५ ते १० असते. फॉस्फरस २.४, म्हणजे बराच कमी, तर मॅग्नेशियम २.३, म्हणजे सर्वसाधारण पातळीवर होते. कॅल्शियमचा आकडा सर्वांच्या नजरेत भरतो. विद्यार्थ्यांनी मॅग्नेशियमच्या आकड्यावरही तितकेच लक्ष द्यावे. त्याचे कारण पुढे येईल.

साठा आणि ओघ

गाईचे वजन अंदाजे ४०० किलो धरू. रक्तद्रव शरीराच्या वजनाच्या सुमारे साडेचार टक्के मानला तर तो १८ लिटर होतो आणि त्यात लिटरला ९० मिलिग्रॅम या दराने सुमारे १.६ ग्रॅम कॅल्शियम असते. चिकात लिटरला साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम असते. म्हणजे दहा लिटर चिकातून वीस ग्रॅम बाहेर गेले. व्याल्यापासून पुढच्या सकाळपर्यंतच्या काही तासांत, कोणत्याही क्षणी रक्तद्रवात असलेल्या एकूण कॅल्शियमच्या बारापट कॅल्शियम कासेवाटे निघून गेले. साध्या दुधात हे प्रमाण लिटरला १.१ ते १.२ ग्रॅम असते, म्हणून चिकाचे पहिले दोन दिवसच सर्वांत जोखमीचे ठरतात.

दुसऱ्या बाजूला या गाईच्या सांगाड्यात पाच किलोंच्या आसपास कॅल्शियम होते. शरीरातील ९९ टक्के कॅल्शियम हाडांतच असते. वीस ग्रॅमची उचल या साठ्याच्या अर्धा टक्कासुद्धा नाही. विहीर तुडुंब भरलेली असली तरी मोटार सुरू व्हायला दोन दिवस लागत असतील तर तेवढ्यात पीक माना टाकते. या गाईचे नेमके तेच झाले.

कासेतील स्रावी पेशी या प्रसंगी काय करीत होत्या, हेही पाहण्यासारखे आहे. रक्तातील कॅल्शियम उतरू लागले म्हणून त्या थांबत नाहीत. गॉल्जी पिंडातील पंप केसिनच्या कणांत कॅल्शियम भरत राहतात आणि पेशीच्या अग्रभागावरील कॅल्शियम पंप एटीपी खर्चून ते दुधात ढकलत राहतात. वासराच्या हाडांसाठी घडवलेली ही यंत्रणा आईच्या रक्तातील पातळीची फारशी वाट पाहत नाही, आणि शेकडो पिढ्यांच्या निवडीतून माणसाने दुधाचे प्रमाण वाढवत नेले तेव्हा हाच एकतर्फीपणा वाढत गेला.

या प्रकरणावर चर्चा करताना आपल्या भागातील विद्यार्थ्यांच्या मनात पहिल्यांदा येते ते उसाचे वाढे. ऊसतोडीच्या हंगामात वाढ्यांच्या मोळ्या सहज मिळतात, त्यांत ऑक्झलेट असते आणि ते कॅल्शियमशी संयोग पावून आतड्यात न शोषले जाणारे लवण बनते. ही बाब खरी आहे आणि वर्षानुवर्षे निव्वळ वाढ्यांवर ठेवलेल्या जनावरांत तिचा परिणाम हाडांवर दिसू शकतो. परंतु या गाईला भाकड काळात वाढे जवळजवळ दिलेच नव्हते. शिवाय आहारातील कॅल्शियम हळूहळू कमी होत गेले तर शरीर त्याला तोंड द्यायला आधीच सज्ज होते. चोवीस तासांत बसलेल्या गाईचे स्पष्टीकरण त्याने होत नाही.

एकाच आयनाची दोन कामे

पेशीबाहेरील द्रवात मुक्त कॅल्शियम आयनांचे प्रमाण साधारण १.२ मिलिमोलर असते, तर विश्रांत पेशीच्या पेशीद्रवात ते १०० नॅनोमोलर म्हणजे सुमारे दहा हजारपटींनी कमी असते. नेर्न्स्ट समीकरणात हे आकडे घातले तर कॅल्शियमचा समतोल विभव (ज्या विभवाला आयनांची निव्वळ ये-जा थांबते) अधिक १२४ मिलिव्होल्टच्या आसपास येतो. आता बाहेरचे प्रमाण निम्मे करा. उत्तर येते सुमारे ११५. केवळ नऊ मिलिव्होल्टचा फरक! हे गणित विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहावे, कारण त्यातून एक चुकीची कल्पना दूर होते. गाय बसली ती कॅल्शियमला आत ढकलणारे विभवाचे बल नाहीसे झाले म्हणून नव्हे. ते जवळजवळ तसेच राहते. बदलते ते दुसरेच काही, आणि ते दोन ठिकाणी बदलते.

पहिले ठिकाण चेतातंतूच्या पटलाची बाहेरची बाजू. या पृष्ठभागावर ऋण प्रभार असतात आणि कॅल्शियमचे द्विप्रभारी आयन ते अंशतः झाकून ठेवतात. कॅल्शियम कमी झाले की हे ऋण प्रभार उघडे पडतात आणि पटलाच्या जाडीतील विद्युत क्षेत्र कमी होते. आत घातलेल्या विद्युताग्राने मोजलेला विश्रांती विभव फारसा बदललेला दिसत नाही, तरी सोडियम वाहिन्यांतील विभवसंवेदी भागाला मात्र पटल अंशतः विध्रुवित झाल्याचा, म्हणजे आतबाहेरील विभवाचा फरक कमी झाल्याचा, अनुभव येतो. फ्रँकेनहॉयझर आणि हॉजकिन यांनी १९५७ मध्ये स्क्विडच्या महाअक्षतंतूवर दाखवले की बाहेरील कॅल्शियम पाचपट कमी केल्याचा परिणाम १० ते १५ मिलिव्होल्ट विध्रुवणासारखा असतो. अशा वेळी क्षुल्लक उद्दीपनानेही चेतातंतू उंबरठा ओलांडतो. माशी बसताच दचकणारी, दात खाणारी दुपारची गाय या अवस्थेत होती.

दुसरे ठिकाण चेतातंतूचे टोक. आवेग तिथे पोहोचला की विभवसंवेदी कॅल्शियम वाहिन्या उघडतात, आत आलेले आयन पुटिकांवरील सायनॅप्टोटॅग्मिन या प्रथिनाला बांधले जातात आणि ॲसिटिलकोलिनने (स्नायूपर्यंत आज्ञा नेणाऱ्या रसायनाने) भरलेल्या पुटिका पटलाशी एकरूप होऊन रिकाम्या होतात. विभवाचे बल तेच असले तरी वाहिनीतून प्रत्यक्ष आत जाणाऱ्या आयनांची संख्या बाहेरच्या प्रमाणावर अवलंबून असते. डॉज आणि रहामिमॉफ यांनी १९६७ मध्ये बेडकाच्या चेतास्नायू संधीवर मोजमाप करून दाखवले की कॅल्शियमचे प्रमाण कमी असताना ॲसिटिलकोलिनचा स्राव त्या प्रमाणाच्या साधारण चौथ्या घातानुसार बदलतो. या नियमाने कॅल्शियम निम्मे झाले तर स्राव सोळाव्या हिश्श्यावर यावा. सर्वसाधारण पातळीच्या जवळ हा आलेख सपाट होत जात असल्याने गाईत प्रत्यक्ष घट इतकी नसते, त्यामुळे सोळावा हिस्सा हा आकडा शब्दशः घेऊ नये. परंतु रक्तातील पातळी थोडी आणखी घसरताच संधीवरील वहन एकाएकी का कोलमडते, हे त्यावरून कळते.

म्हणजे कॅल्शियम उतरले की चेतातंतू अधिक उत्तेजित होतो आणि त्याच तंतूचे टोक मुके होत जाते. कोणता परिणाम वरचढ ठरेल, हे जातीजातीनुसार वेगळे असते. माणसात आणि कुत्र्यात कॅल्शियम घटले की स्नायूंना पेटके येतात, कारण त्यांच्या संधीवर गरजेपेक्षा पुष्कळ जास्त ॲसिटिलकोलिन सुटत असते. स्राव कमी होऊनही स्नायूपर्यंत आज्ञा पोहोचत राहते आणि चेतातंतूची उत्तेजना झाकली जात नाही. गाईत ही राखीव क्षमता लवकर संपते, म्हणून उत्तेजनेचा टप्पा काही तासांत आटोपतो आणि शिथिलता येते. हे सर्वसाधारणपणे दिले जाणारे स्पष्टीकरण आहे आणि ते या गाईच्या दुपार-संध्याकाळच्या क्रमाशी नीट जुळते.

मॅग्नेशियमच्या आकड्याचे महत्त्व इथे कळते. चेतातंतूच्या टोकाशी मॅग्नेशियम कॅल्शियमशी स्पर्धा करते आणि ॲसिटिलकोलिनचा स्राव कमी करते. कॅल्शियम निम्म्यावर आलेले असताना मॅग्नेशियम २.३ वर टिकून राहिले, म्हणजे दोहोंचे गुणोत्तर स्राव अडवणाऱ्या बाजूला झुकले. याउलट मॅग्नेशियमही घसरले असते तर हीच गाय शिथिल होऊन बसण्याऐवजी झटके देत पडली असती; कोवळ्या हिरव्या चाऱ्यावरील गाईंत मॅग्नेशियम-न्यूनतेचे तसे रूप दिसते. एकट्या कॅल्शियमच्या अहवालावरून गाईच्या अंगाची अवस्था सांगता येत नाही, असे मी विद्यार्थ्यांना आग्रहाने सांगतो.

स्नायूंकडे वळताना आणखी एक भेद स्पष्ट करायला हवा, कारण उत्तरपत्रिकांत तो हमखास पुसला जातो. “कॅल्शियम नाही म्हणून स्नायू आकुंचन पावत नाही” हे वाक्य पायांच्या स्नायूंना लागू पडत नाही. कंकाल स्नायूत आडव्या नलिकांतील विभवसंवेदी प्रथिन आंतर्द्रव्यजालातील रायनोडिन ग्राहीला (आतील साठ्याच्या कॅल्शियम वाहिनीला) थेट यांत्रिकरीत्या उघडते आणि आकुंचनाला लागणारे कॅल्शियम पेशीच्या आतल्याच साठ्यातून येते. या गाईच्या मांडीतील तंतूंना थेट विद्युत उद्दीपन दिले असते तर ते आकुंचन पावले असते. बिघाड त्यांच्यापर्यंत आज्ञा पोहोचण्यात होता. हृदयस्नायूची गोष्ट वेगळी. तिथे बाहेरून आलेले थोडे कॅल्शियम आतील साठा उघडते, म्हणून बाहेरची पातळी उतरताच प्रत्येक ठोक्याचा जोर कमी होतो. सिडनी रिंगर यांनी १८८३ मध्ये बेडकाच्या हृदयावर हे अवलंबित्व दाखवले होते. या गाईचे दबलेले ठोके आणि भरपाईसाठी ९६ वर गेलेली गती हे त्याचेच रूप. अरेखित स्नायूत (आतडे, बाहुली अशा ठिकाणच्या अनैच्छिक स्नायूत) आकुंचनासाठी बाहेरच्या कॅल्शियमवरील भिस्त मोठी असते. म्हणून रुमेन थांबला, शेण अडले आणि बाहुली आकसेनाशी झाली. कान गार पडले ते क्षीण झालेल्या रक्ताभिसरणामुळे. एका परीक्षणात नोंदवलेली ही लक्षणे सुटी सुटी पाठ करण्यापेक्षा तीन प्रकारच्या स्नायूंच्या कॅल्शियमच्या वाटा समजून घेतल्या तर ती आपोआप सांगता येतात.

विलंब कोठे होतो

रक्तातील कॅल्शियमची पातळी ओळखणाऱ्या ग्राहीचे जनुक १९९३ मध्ये प्रथम वेगळे केले गेले ते गाईच्याच परावटू ग्रंथीतून (रक्तातील कॅल्शियम वाढवणारे संप्रेरक स्रवणाऱ्या, मानेतील ग्रंथीतून). हा ग्राही जी-प्रथिनाशी जोडलेला असतो. बाहेरचे कॅल्शियम वाढले की तो सक्रिय होतो आणि परावटू संप्रेरकाचा स्राव थांबवतो. पातळी उतरली की ही अडवणूक सुटते आणि साठवलेले संप्रेरक सेकंदांत ते मिनिटांत रक्तात येते. बहुतेक स्रावी पेशींत कॅल्शियम वाढणे हा स्रावाचा इशारा असतो आणि या पेशीत नेमका उलटा प्रकार आहे, ही गोष्ट अभ्यासकाला थबकून विचार करायला लावणारी आहे. तेव्हा पहिला दुवा झटपट काम करतो. बुधवारी दुपारी या गाईच्या रक्तात परावटू संप्रेरक भरपूर असणार.

विलंब पुढच्या दुव्यांत आहे. वृक्काच्या दूरस्थ नलिकेत कॅल्शियमचे पुनर्शोषण मिनिटांत वाढते, पण गाईच्या मूत्रातून मुळातच फार थोडे कॅल्शियम जाते. तिथे वाचवून वाचवणार किती? आतड्याची वाट लांबची आहे. संप्रेरकाने वृक्कातील निकटस्थ नलिकेच्या पेशींत ड जीवनसत्त्वाला त्याचे सक्रिय रूप देणारे विकर वाढवायचे, ते सक्रिय रूप रक्तातून आतड्याच्या पेशीत जाऊन केंद्रकातील ग्राहीला बांधले जायचे, मग शोषणाची वाहिनी, पेशीतून कॅल्शियम वाहून नेणारे कॅल्बिंडिन आणि रक्ताच्या बाजूचा पंप यांच्या जनुकांचे प्रतिलेखन व्हायचे, प्रथिने तयार व्हायची. याला साधारण एक दिवस लागतो. हाडांची वाट त्याहून लांब. काही ग्रॅम कॅल्शियम अस्थिपेशींभोवतीच्या द्रवातून लवकर मिळते; मोठा साठा उघडायचा तर संप्रेरकाचा ग्राही असलेल्या अस्थिजनक पेशींनी रँकल हे प्रथिन मांडायचे, त्याने अस्थिभक्षकांच्या पूर्वपेशी एकत्र येऊन बहुकेंद्रकी अस्थिभक्षक पेशी घडायच्या, त्यांनी हाडाला चिकटून सुरकुतलेल्या पटलातून प्रोटॉन आणि कॅथेप्सिन सोडायचे, तेव्हा खनिज विरघळते. गाईत यासाठी दोन दिवसांच्या आसपास लागतात.

आता भाकड काळाकडे परत जाऊ. गर्भ आणि गाय मिळून रोजची गरज दहा-पंधरा ग्रॅमची, आणि लसूणघास व टॉनिक यांतून त्याहून कितीतरी जास्त कॅल्शियम आतड्यात येत होते. अशा मुबलकतेत ते मोठ्या प्रमाणात पेशींमधल्या फटींतून, आपोआप, शोषले जाते. संप्रेरकाची गरजच पडत नाही. त्यामुळे परावटूचा स्राव मंद, सक्रिय ड जीवनसत्त्व कमी, आतड्यात कॅल्बिंडिन थोडे आणि हाडांत कामावर असलेल्या अस्थिभक्षक पेशी तुरळक, अशा स्थितीत गाय व्याली. बोडा आणि कोल यांनी १९५४ मध्येच दाखवले होते की व्याण्यापूर्वी कमी कॅल्शियमचा आहार दिला तर हा आजार टळतो. घरच्यांची निगा मनापासूनची होती. तिची वेळ तेवढी उलटी पडली.

लसूणघासाने दुसऱ्या वाटेनेही अडचण केली. त्यात पोटॅशियम भरपूर असते. शोषल्या जाणाऱ्या धन आयनांचे पारडे ऋण आयनांपेक्षा जड झाले की रक्त किंचित अल्कधर्मी होते, आणि अशा स्थितीत लक्ष्यपेशींवरील परावटू संप्रेरकाचा ग्राही संप्रेरकाला कमी प्रतिसाद देतो. आज्ञा सुटते, पोहोचते, पण ती पुरती मानली जात नाही. नॉर्वेतील एंडर, डिशिंग्टन आणि सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये ऋण आयनांचे आधिक्य असलेल्या आहाराने हा आजार रोखता येतो हे दाखवले. याखेरीज या गाईचे वय आणि वंश हेही प्रतिकूल होते: तिसऱ्या वेतानंतर हाडांच्या घडामोडीची जागा कमी होत जाते आणि आतड्यातील ड जीवनसत्त्वाचे ग्राही घटतात, जर्सीत तर ते मुळातच होल्स्टीनपेक्षा कमी आढळले आहेत.

उपचार, आणि दुसऱ्या रात्रीची पुनरावृत्ती

पशुवैद्यकांनी अहवालाची वाट पाहिली नाही, आणि पाहायचीही नसते. कॅल्शियम बोरोग्लुकोनेटची ४५० मिलिलिटरची बाटली कोमट पाण्यात ठेवून अंगाच्या तापमानाला आणली आणि मानेच्या शिरेतून वीस मिनिटांहून अधिक वेळ घेऊन हळूहळू चढवली. या सर्व वेळात स्टेथोस्कोप गाईच्या छातीवर होता. हृदयस्नायू बाहेरच्या कॅल्शियमवर अवलंबून असल्याने जे औषध त्याला बळ देते तेच घाईने गेले तर लय बिघडवून त्याला थांबवू शकते. ठोक्यांची गती अचानक खाली आली किंवा ती अनियमित झाली तर बाटली तत्काळ बंद करावी लागते.

साधारण निम्मी बाटली गेल्यावर खांद्याच्या आणि मांडीच्या स्नायूंत बारीक थरथर सुरू झाली. घरचे घाबरले, पशुवैद्यकांनी मात्र ते सुधारणेचे लक्षण मानले. माझ्या मते या थरथरीचा अर्थ वरच्या विवेचनातून लागतो: वाढते कॅल्शियम अशा पातळीतून जात होते की संधीवरील वहन परत आले होते, पण चेतातंतूंची अतिउत्तेजना अजून ओसरली नव्हती. गाय दुपारच्या अवस्थेतून उलट्या दिशेने परत येत होती. पाठोपाठ ढेकर आला, नाकावर घाम दिसू लागला, ठोके ७६ वर येऊन स्पष्ट ऐकू येऊ लागले, आणि बाटली संपल्यावर अर्ध्या तासाच्या आत गाय आधी मागचे पाय उचलून, मग गुडघ्यांवरून उभी राहिली व तिने शेण टाकले.

गुरुवारी रात्री ती पुन्हा डळमळू लागली. औषध हलक्या प्रतीचे होते की काय, असा संशय घरात व्यक्त झाला. शरीरक्रियेच्या दृष्टीने ही पुनरावृत्ती अपेक्षितच होती. बाटलीतून आलेले आठ-नऊ ग्रॅम कॅल्शियम काही तास पातळी वर ठेवते. त्या काळात परावटूवरील ग्राहीला कॅल्शियम भरपूर असल्याचा संदेश मिळतो, संप्रेरकाचा स्राव थांबतो, कॅल्सिटोनिन (रक्तातील कॅल्शियम कमी करणारे संप्रेरक) वाढते आणि नुकतेच जागे होऊ लागलेले आतडे व हाडे पुन्हा मंदावतात. कास मात्र कॅल्शियम खेचतच असते. अशा गाईंपैकी साधारण चारांतील एक पुन्हा बसते. दुसरी मात्रा त्वचेखाली, चार ठिकाणी विभागून दिली, जेणेकरून शोषण सावकाश होईल. शुक्रवारी सायंकाळनंतर गाईला औषधाची गरज पडली नाही. व्याल्यापासून हा काळ तीन दिवसांचा होतो. आतड्याचा एक दिवस, हाडांचे दोन दिवस आणि पहिल्या मात्रेने घडवलेला थोडा विलंब धरला तर वेळेचा मेळ बसतो. एका गाईवरून नियम सिद्ध होत नाही, परंतु कमतरता साठ्याची असती तर दोन बाटल्यांनी ती भरून निघाली नसती, एवढे नक्की म्हणता येते.

इथे इतिहासातील एका उपचाराचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. १८९७ मध्ये डेन्मार्कमधील कोल्डिंग येथील पशुवैद्यक श्मिट यांनी या आजारात कासेत पोटॅशियम आयोडाइडचे द्रावण भरून गाई वाचवल्या. आजार कासेतील विषामुळे होतो अशी त्यांची समजूत होती. लवकरच असे दिसले की नुसती हवा भरली तरी गाय उठते, आणि त्यानंतर मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने उतरले. कारण कळले ते १९२५ मध्ये, ड्रायर आणि ग्रेग यांचे कॅल्शियमविषयीचे प्रतिपादन आणि लिटल व राइट यांची रक्तातील मोजमापे आल्यावर. कासेतील दाब वाढला की दुधाचा स्राव थांबतो आणि कॅल्शियमचा ओघ बंद होतो. शरीरात कॅल्शियमचा एक कणही न घालता पातळी सावरते. ओघ आणि साठा यांतील फरक याहून स्वच्छपणे दाखवणारा प्रयोग मला दुसरा माहीत नाही.

पुढचे वेत

पाचव्या वेताच्या आधी पशुवैद्यकांनी आहार बदलला. शेवटचे तीन आठवडे लसूणघास बंद करून मक्याची वैरण आणि कडबा दिला, टॉनिक थांबवले आणि पेंडीत अमोनियम क्लोराइड व मॅग्नेशियम सल्फेट मिसळले. या क्षारांची चव गाईला आवडत नाही, म्हणून मात्रा हळूहळू वाढवावी लागली. गाईच्या मूत्राचा सामू एरवी आठच्या आसपास असतो. आठवड्याभराने पट्टीवर तो ६.४ आला, म्हणजे रक्ताची अल्कधर्मिता उतरल्याचा पुरावा मिळाला. मूत्राची ही साधी तपासणी कोणत्याही महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील विद्यार्थी गोठ्यावर जाऊन करू शकतात. व्याल्याच्या दिवशी तोंडावाटे कॅल्शियम सुरू केले आणि पहिल्या दोन धारांना वासराला पुरेल इतकाच चीक काढून कास अर्धी भरलेली ठेवली. खरवस त्या वेळी तिसऱ्या दिवसाच्या चिकाचा झाला. तो तितका घट्ट जमला नाही, अशी नोंद बाईंनी आवर्जून करायला लावली.

व्याल्यानंतर २४ तासांनी घेतलेल्या रक्तात कॅल्शियम ७.४ मिलिग्रॅम होते. म्हणजे पातळी याही वेळी उतरलीच. व्यालेल्या जवळजवळ प्रत्येक गाईत ती पहिल्या दिवशी काही प्रमाणात उतरते. परंतु गाय उभी होती, रवंथ करीत होती, आणि तिसऱ्या दिवशी शिरेतून कॅल्शियम न देता तोच आकडा ८.७ वर आला.